आवाज गेला तर

"पण आवाज गेला कुठं, सर?"

सुदेशनं लॅपटॉप दस्तगीरसरांच्या पुढ्यात ठेवला. सर चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचा?"

"लॅपटॉपचा हो! अजून कुणाचा?"

मिरजेतल्या निम्म्या पोरांना लिनक्स शिकवलं ते दस्तगीरसरांनी. त्या सगळ्यांत सुदेश हुशार, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

लॅपटॉप त्याचा, पण त्यातून बोलायचे त्याचे वडील. अण्णा जन्मभर कोर्टात नावांचा पुकारा करायचे. व्हरांड्याच्या पार टोकाला पेंगणारा साक्षीदार दचकून उठायचा, असा गळा. घशाच्या कॅन्सरनं स्वरयंत्रच काढावं लागलं. मग पोरानं हौसेनं सोय करून दिली. अण्णांनी लिहायचं, बटण दाबायचं, लॅपटॉपनं बोलायचं.

मागच्या आठवड्यात सुदेशनंच अपडेट केलं आणि लॅपटॉप मुका झाला. आणि आता तर अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनीही हात टेकले होते.

"काय काय करून बघितलंस?"

"काय नाही केलं ते विचारा! आवाजाचे ड्रायव्हर काढून परत टाकले. जुनं व्हर्जन लावलं. आवाजाच्या वाटा एकेक करून बदलल्या. अण्णांचे थोडेच दिवस उरलेत, सर. जायच्या आधी त्यांना बोलता आलंच पाहिजे."

"आणि अण्णा काय करतात?"

"तेच तर तपासून देतात. मी काही बदललं की लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवतो. ते काहीतरी लिहितात, बटण दाबतात. आवाज येत नाही, की मी परत घेतो."

"काय लिहितात?"

"अं?"

"अण्णा काय लिहितात?"

"असंच काहीतरी. टेस्टिंगपुरतं."

सरांनी गाळणं खाली ठेवलं. लॅपटॉप जवळ ओढला. पडदाभर कमांड टाइप करायच्या टर्मिनलच्या काळ्या खिडक्या, एकीवर एक. सर त्या बंद करत सुटले.

"अहो सर, काय करताय! आठवडाभराचं काम आहे माझं त्यात!"

सरांनी आणखी एक बंद केली. मग आणखी एक.

सगळ्यांच्या खाली अण्णांची खिडकी होती.

*सुदेश, गोळी नको. उलटी होते.*

*आवाज राहू दे. जरा बस.*

*तुझ्या आईचं एक सांगायचं राहिलंय.*

*सुदेश.*

*बोटं जड झालीत.*

*सुदेश.*

ही खिडकी सुदेशनंच रोज झाकली होती. स्वतःची इतकी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

"मला वाटलं... सर, मी तर त्यांच्यासाठीच..."

सरांनी आवाजाची सेटिंग उघडली. आवाज टीव्हीच्या केबलकडं वळवलेला होता, आणि त्या केबलला टीव्हीच नव्हता. वाटा बदलता बदलता सुदेशच तो तिकडं सोडून आला होता. सरांनी तो लॅपटॉपच्या स्पीकरवर आणला आणि बटण दाबलं.

"बोटं जड झालीत," लॅपटॉप बोलला. सपाट आवाज, त्यात ना राग ना माया. "सुदेश."

मग गप्प झाला.

सुदेशनं डोळे पुसले, लॅपटॉप छातीशी धरला आणि चपला कशाबशा पायात सरकवल्या. दारातून मात्र तो मागं वळला.

"सर... घरी गेल्यावर पुन्हा आवाज गेला तर?"

सरांचा चहा पार निवला होता. त्यांनी कप बाजूला सारला.

"तर वाच."