जोडून की तोडून?

“तासा! पुन्हा तासा!” त्र्यंबकशास्त्री कडाडले, आणि बिचाऱ्या सोनबा सुतारानं चौथ्यांदा फळीवर रंधा चालवला.

भानगड अशी, की कमळकोटच्या उदाजीराजांनी वेळ मोजायला एक छोटंसं घर बांधलं होतं. आत घंगाळातल्या पाण्यावर, तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग पहारेकरी बाहेर येऊन टोला द्यायचा. आता दारावर नाव हवं होतं, घटिकायंत्र. त्र्यंबकशास्त्री म्हणाले, “हा एकच शब्द! जोडूनच लिहायचा!” धुंडिराजशास्त्री म्हणाले, “छे! घटिका वेगळं, यंत्र वेगळं, मध्ये बोटभर जागा सोडा!” दिनमान आणि तिथिमान या शब्दांवरून दोघं आधीच महिनाभर भांडले होते, त्यामुळे घसे चांगलेच तापलेले. एकानं कोरून घेतलं, की दुसरा ते तासायला लावी. फळी पार पापडाएवढी पातळ झाली!

शेवटी राजे वैतागले. पण दोघंही त्यांचे गुरू, बोलणार कुणाला? राग निघाला तो सोनबावर. “तीन दिवसांत नाव लागलं पाहिजे. एकदाच कोरायचं. जोडलेलंही दिसलं पाहिजे, तोडलेलंही! दोन्ही शास्त्री गप्प बसले पाहिजेत. नाही जमलं, तर तुझी हत्यारं सरकारजमा!”

सोनबाच्या पायांखालची जमीनच सरकली. हत्यारं गेली म्हणजे हातच गेले की! तो घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक येसू मात्र भडकली.

“शब्द त्यांचा, भांडण त्यांचं, अन् हत्यारं आपली? हे बरंय!”

ती तडक गेली आणि त्या घरासमोर ठाण मांडून बसली. वाटी बुडे, पहारेकरी दार उघडून बाहेर येई, टोला देई, पुन्हा आत जाऊन दार लावून घेई. दिवसभर हेच! संध्याकाळी येसू हसतच घरी आली.

“आबा, ती फळी टाका चुलीत. पटाशी घ्या आणि चला!”

तिसऱ्या दिवशी राजे आले, शास्त्री आले, गंमत बघायला अख्खा गाव आला. चौकटीवर काहीच नव्हतं! राजांनी डोळे वटारले, “नाव कुठंय?”

“समोरच आहे की, महाराज!” येसू म्हणाली.

बंद दाराच्या दोन कवाडांवर ठळक अक्षरं कोरली होती, घटिकायंत्र. डोक्यावरची रेघ या कवाडावरून त्या कवाडावर सलग गेलेली.

“जोडून! मी जिंकलो!” त्र्यंबकशास्त्री टाळ्या पिटू लागले. तेवढ्यात वाटी बुडाली आणि पहारेकऱ्यानं दोन्ही कवाडं आत ओढली. ‘घटिका’ गेली डावीकडे, ‘यंत्र’ गेलं उजवीकडे!

“तोडून! मी जिंकलो!” धुंडिराजशास्त्री नाचू लागले.

“दार कायम बंद ठेवा!”

“मुळीच नाही! सताड उघडं ठेवा!”

येसूनं नम्रपणे हात जोडले. “बंद ठेवू की! फक्त टोला द्यायला त्र्यंबकशास्त्रीबुवांनी त्या खिडकीतून उडी मारायची, घटकेला एक. अन् उघडं ठेवलं, तर गावच्या शेळ्या घंगाळ पिऊन रिकामं करतील. तेव्हा धुंडिराजशास्त्रीबुवा, काठी घेऊन तुम्ही दारात बसा!”

एका शास्त्र्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. दुसऱ्यांनी शेळ्यांकडे पाहिलं.

“आहे ते... ठीकच आहे,” दोघं एकदम पुटपुटले.

उदाजीराजे असे हसले, असे हसले, की पागोटं सावरता सावरेना! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि नव्या महालाच्या छप्पन्न दारांचं काम तिथल्या तिथे सोनबाच्या नावे केलं.

“बोल पोरी, अजून काय हवं?”

“एवढंच, महाराज,” येसू म्हणाली, “त्या दारांवर नावं नकोत!”