वानराचं मौन

रानात माणसाची पायवाट नव्हती, तेव्हाची गोष्ट. मोहाच्या झाडावर एक म्हातारा वानर राहायचा. कोल्हा दिसो की रानकुत्रा, तो वरून ओरडायचा आणि खाली चरणारी हरणं वेळेत पळायची.

एकदा बिबट्या येऊन म्हणाला, "तुझ्या पिल्लांना मी नखही लावणार नाही. फक्त माझ्या येण्याजाण्याचा बोभाटा करू नकोस."

वानराला वाटलं, खोटं थोडंच बोलायचंय, नुसतं गप्प तर बसायचंय. कोल्हा दिसला की मात्र तो दुप्पट ओरडू लागला. हरणं म्हणायची, "बाबा आहेत म्हणून आपण निर्धास्त."

एका सकाळी बिबट्या गवतातून सरपटत आला. वानराने मान फिरवली आणि तो पाला तोडत राहिला. एका हरिणीचं पाडस गेलं.

संध्याकाळी ती झाडाखाली आली. तिला सगळं सांगून टाकायचं, असं वानराने दिवसभर घोकलं होतं. पण तीच आधी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, बाबा. गवत उंच होतं, तुम्हाला तरी कसं दिसणार?"

वानर खाली बघेना.

"हो ना," तो म्हणाला, "गवत फार वाढलंय."

दुसऱ्या दिवशी सगळी हरणं त्याच्या झाडाच्या अगदी बुंध्याशी चरायला आली.