सात हात कागद आणि वीतभर कागद

"दसऱ्यापर्यंत कुंभार आळीत एकही छप्पर गवताचं दिसता कामा नये! घर कौलारू नसेल, तर जागा माझ्या घोड्यांना!"

कनकापूरच्या राजानं हुकूम सोडला आणि आळीतल्या चाळीस घरांच्या तोंडचं पाणी पळालं. राज्यभराची कौलं हीच माणसं भाजत, पण स्वतःच्या डोक्यावर गवत! कर्ज काढल्याशिवाय वासेसुद्धा येणार नव्हते.

कर्ज देणारे तिघं. तिघांनीही दवंडी पिटवली. सावकार धोंडशेट म्हणाला, "फक्त शेकडा एक!" देवस्थानचे कारभारी नारोपंत म्हणाले, "व्याज? छे छे! देव कुठं व्याज घेतो?" सरकारी खजिनदार त्रिंबकराव म्हणाले, "शेकडा अर्धा, वर महाराजांची कृपा!" करारनामा मात्र प्रत्येकाचा सात हात लांब, आणि अक्षर असं की लिहिणाऱ्यालाही लागू नये.

भिवा कुंभाराची मुलगी चंद्री बापाला घेऊन थेट दरबारात गेली. तिघंही तिथंच बसले होते. "महाराज, या तिघांत स्वस्त कोण?"

"मला विचारतेस?" राजा भडकला. "आता तूच सांगायचं! दिवस मावळायच्या आत, आणि कागद न उलगडता! चुकलीस तर आळीचा तबेला आजच!"

भिवा तिला हात धरून बाहेर ओढू लागला. चंद्री मात्र म्हणाली, "बरं. पण मग माझ्यासाठी एक हुकूम सोडा. या तिघांनीही आमच्या शेजारी एकेक घर बांधायचं. पैसा कर्जाचा, आणि तो उरलेल्या दोघांपैकीच कुणाकडून तरी घ्यायचा."

"मंजूर!" राजाला गंमत वाटली.

तिघांचे चेहरे उतरले. "मी खजिन्यातून कर्ज घेऊ?" धोंडशेट किंचाळला. "तीन कचेऱ्या, प्रत्येक कचेरीत मूठ गरम करायची! पैसे येईपर्यंत भिंती पावसात वाहून जातात! मला रक्कम आठ दिवसांत हवी."

"मग माझ्याकडून घे की!" नारोपंत म्हणाले.

"घेऊ नकोस, शेटजी!" त्रिंबकराव मधेच बोलले. "व्याज नाही म्हणे! दर सणाला नैवेद्य, दर लग्नाला दक्षिणा, आणि घर विकायचं तर देवाचा कौल! माझ्या आजोबांचं कर्ज मी अजून फेडतोय! कर्ज फिटलं की घर माझं, असं लिहून देणार असतील तर बोला."

"आणि हे धोंडशेट?" नारोपंत उसळले. "शंभर लिहून घेतात, नव्वद हातावर ठेवतात! मुदतीआधी फेडायला जा, दाराला कुलूप! शेटजी बहिणीकडे गेलेत म्हणे. बहीण कुठली? याला बहीणच नाही! मला शंभरचे शंभर हवेत, आणि फेडायला जाईन तेव्हा दार उघडं हवं!"

राजा आ वासून ऐकत होता. चंद्रीनं दरबारच्या कारकुनाला हाक मारली. "काका, या तिघांनी स्वतःसाठी जे जे मागितलं, तेवढंच लिहा. पैसे आठ दिवसांत. शंभरचे शंभर. फेडायला कधीही दार उघडं. फिटलं की घर आपलं. वर व्याज शेकडा एक, म्हणजे कर्ज देणारा उपाशी मरायला नको."

कागद भरला वीतभर.

"पण स्वस्त कोण ते राहिलंच!" राजानं डोळे वटारले. "दिवस मावळतोय!"

"सांगते की! या कागदावर जो आधी सही करेल, तो स्वस्त. आळीची चाळीसही घरं त्याच्याकडून कर्ज घेतील."

नारोपंतांनी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले. त्रिंबकराव म्हणाले, "आधी वरच्या कचेरीत विचारावं लागेल." तेवढ्यात धोंडशेटनं कारकुनाच्या हातातला बोरूच हिसकावला! चाळीस घरांचं गिऱ्हाईक जाताना बघवेना त्याला.

"हा बघा, महाराज!" चंद्री म्हणाली. "हाच स्वस्त! म्हणजे आजपासून."

राजा इतका हसला की मुकुट कलंडला. "शाब्बास गं पोरी! आळी तुमचीच! आणि माझ्या वाड्यावर सगळी नवी कौलं तुझ्या बापाची. हजार मोहरा! त्रिंबकराव, आजच्या आज खजिन्यातून देऊन टाका!"

चंद्रीनं घाईघाईनं हात जोडले. "महाराज, मेहेरबानी करा, तुमच्या हातानंच द्या! खजिन्यातून आल्या तर त्या माझ्या नातवंडांना मोजाव्या लागतील!"

राजानं हसत हसत उठून मोहरांची थैली स्वतःच आणली.