पितळी ताटली, काठ वाकलेला

त्या राज्यात फक्त भांडी राहत, आणि ज्या घरची चूल कायमची विझे, त्या घरच्या भांड्यांचा लिलाव होई. याचं कुणी फारसं दुःख करत नसे. एक चूल विझली की दुसरी शोधायची, ही तिथली जगरहाटीच होती.

लिलाव म्हटला की यादी आली. पूर्वी ती पळीबाई करत. अंगणात मांडलेल्या प्रत्येक भांड्याला टिचकी मारायची, नाद ऐकायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: "तुझ्या शेजारी कोण असायचं?" दोघांची उत्तरं जुळली की दोघं एका वाट्यात. यात तीन-तीन दिवस जात. शिवाय भांडी थापा मारत. कुठलीही फुटकळ वाटी चांदीच्या ताटाशी आपला घरोबा सांगे. पळीबाईंच्या याद्यांत चुका असत, हे त्यांच्या बाजूची भांडीही नाकारत नसत.

मग दरबाराने भिंग आणलं. त्याला म्हणे लाखो भांड्यांची चित्रं दाखवली होती. समोर उभं राहायचा अवकाश, ते नाव, धातू आणि अवस्था सांगे, आणि तशी चिठ्ठी अंगाला चिकटे. शंभर भांडी तासाभरात हातावेगळी होत. पळीबाईंना कुणी काढलं नाही. भिंग सांगेल ते ऐकून "बरोबर" म्हणायचं काम त्यांना दिलं. आणि खरं सांगायचं तर भिंग चुकतही नसे.

नदीकाठच्या घरातली चूल विझली, त्या घरात एक पितळी ताटली होती. ती घडली होती वाढायला. पण टोपाचं मूळ झाकण विहिरीत पडलं त्या दिवशी कुणीतरी घाईत तिला टोपावर टाकलं, आणि ती तिथेच राहिली, तीस वर्षं. वाफ सोसून तिचा काठ एका बाजूला वाकला, आणि त्या फटीतून टोपाचा राग निघून जाई. टोप भलताच तापट, पण ताटलीचा त्याच्यावर फार जीव. लिलावात दोघांनी एका वाट्यात पडावं, एवढंच तिला हवं होतं.

"भिंग काही विचारतच नाही म्हणे," आदल्या दिवशी ती टोपाला म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? तुझ्या पोटावर माझ्या तोंडाचं काळं कडं उमटलंय की. आंधळ्यालाही दिसेल," टोप म्हणाला.

पण सकाळी अंगणात वेगळीच कुजबुज होती. काळवंडलेली भांडी सरळ मोडीत काढतात, असं एका लोट्याने छातीठोकपणे सांगितलं. लोटा आयुष्यात कधी अंगणाबाहेर गेला नव्हता, पण बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. चिंचेसाठी रांग लागली. तसंही परक्या घरी जाताना लख्ख होऊन जायचं, ही भांड्यांची रीतच. मोडीत गेलो तर टोप कुठे आणि आपण कुठे, या धास्तीने ताटलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने चिंच घेतली, राख घेतली आणि पाठ, पोट, काठ सगळं खसाखसा घासून काढलं.

"पितळी ताटली," भिंग म्हणालं. "काठ वाकलेला. जुनी घडण. शोभेची."

पळीबाई "बरोबर" म्हणायला गेल्या आणि थांबल्या. किती दिवसांनी त्यांच्या तोंडी जुना प्रश्न आला. "तुझ्या शेजारी कोण असायचं गं?"

"टोप. मी त्याचं झाकण आहे."

"झाकणाला मूठ असते," भिंग शांतपणे म्हणालं. "या टोपाच्या मापाचं झाकण दुसऱ्या घरच्या यादीत आहे. ते त्याला दिलं आहे."

"उलटी हो बघू," पळीबाई म्हणाल्या. "पोटावर त्याचं कडं असेल. ते दाखव, मी वाटा बदलून देते."

ताटली उलटी झाली. पितळ असं लखलखत होतं की पळीबाईंना त्यात स्वतःचं तोंड दिसलं.

"बरोबर," त्या हळूच म्हणाल्या.

तरी नशिबाने थोडी दया केली. एका सधन कळशीने दोघांनाही घेतलं, वेगवेगळ्या बोलीत. टोप चुलीवर गेला, ताटली त्याच्या वरच खिळ्याला लागली. मध्ये दोन हातांचं अंतर. पहिले काही दिवस ती आनंदाने नुसती खाली बघत राहिली. पुढे पाहुणे येऊ लागले. तिची चिठ्ठी मोठ्याने वाचत, वा वा म्हणत. पाहुणे आले की ती ताठ होऊ लागली.

एका सणाला टोपात तांदूळ जास्त पडला. नवं झाकण अगदी मापाचं, वाफेला सुईएवढीही वाट नाही. ते थडथडू लागलं, कडेने फेस आला.

"काढा ते झाकण!" कळशीबाई ओरडल्या. "सैल बसेल असं दुसरं कुणी आहे का इथे?"

टोपाला बोलता येईना, तोंड फेसाने भरलं होतं. त्याने फक्त वर पाहिलं.

फळीवरच्या प्रत्येक भांड्याने लगबगीने आपापली चिठ्ठी वाचली. परातीने वाचली, वाडग्याने वाचली, किसणीनेसुद्धा वाचली. झाकण असं कुणाच्याच चिठ्ठीवर नव्हतं. पेज उतू जाऊन चुलीत पडू लागली, निखारे चर्र करत एकेक विझू लागले. ताटलीने मान खाली घातली आणि तीही आपली चिठ्ठी वाचू लागली.