मृगजळाच्या तळाची मटकी

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा येई: क्वचित, आणि लगेच निघण्याच्या घाईत. तरी प्रजा सुखी होती. वाळूत शमी होती, बोरी होत्या, मटकीचे वेल होते. पावसाच्या लहरी त्यांना ठाऊक होत्या.

राजा चंद्रकेतूला मात्र काटेरी झाडांची लाज वाटे. विकटजिव्ह नावाच्या मायावी पुरुषाने त्याला सोन्याच्या फळांची बाग देऊ केली. अट एकच, जुने सारे उपटायचे. राजाने उपटले. बागेने विहिरी पिऊन टाकल्या. वर्षागणिक ऊन वाढले, ढग वाट चुकू लागले, आणि एके दिवशी राजकन्या मंजुलेने सोन्याचे फळ चावले, ते तोंडातच वाळू झाले. मग तिचा प्रत्येक घास वाळू होऊ लागला. पाण्याचा घोट तेवढा उतरे. या मातीचे अन्न राजांगणात पिकून तिच्या पोटात जाईपर्यंत विकटजिव्हाच्या बागेचा हा शाप सुटणार नव्हता.

राजाने विद्वानांची सभा बसवली. सभा बसूनच राहिली. राणी इंदुला उठली आणि माळावर गेली.

तिथल्या माळढोक पक्ष्याने तिला तीन ठिकाणे सांगितली. राणीने वाऱ्याच्या गुहेतून शमीचे बी आणले, नागिणीच्या वारुळातून बोराची बी आणली, आणि मृगजळात बुडी मारून तळाशी पडलेला मटकीचा दाणा आणला. वर आली तेव्हा पदर कोरडाच होता.

"यांचे लाड करू नका," माळढोक म्हणाला. "वरून पाणी मिळाले की मूळ खाली जात नाही. मग ऊन त्याला उभे जाळते."

पण राजांगणात उगवणाऱ्या प्रत्येक अंकुराला राजाने सुवर्णकलशाने अभिषेक करायचा, अशी त्या घराण्याची प्रथा होती. शमी सकाळी पेरली, दुपारी उगवली, तिला अभिषेक झाला, आणि सायंकाळी ती जळाली. बोरीचेही तसेच झाले. पुरोहितांनी निदान केले की पाणी कमी पडले.

मटकीला दोन पाने फुटली तेव्हा राजा मोठा कलश घेऊन आला. राणी वाटेत बसली.

"महाराज, कलश खाली ठेवा."

"भरलेला कलश तसाच परत नेता येत नाही, राणी. प्रथा मोडेल."

अंगणातल्या खाटेवरून मंजुला क्षीण आवाजात म्हणाली, "तात, मला तहान लागली आहे."

राजाने त्या दोन पानांकडे पाहिले. मग वळला, आणि सारा कलश त्याने ओंजळी ओंजळीने मुलीला पाजला. कलश रिता झाला, प्रथा पाळली गेली. पुरोहितांना तसा आधार लगेच आठवला.

आधीच्या दोन अभिषेकांची ओल जमिनीत खोल उतरली होती. तिच्या शोधात मटकीचे मूळ खाली गेले. उन्हात वेल पसरला, शेंगा धरल्या. राणीने अर्धे दाणे बियाण्याला काढले, उरलेल्यांची उसळ केली. मंजुलेने घास चावला. सारा दरबार पाहत होता.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

राजा रडला. विकटजिव्हाची बाग त्याच क्षणी वाळू होऊन उडाली, आणि तिच्याबरोबर तोही.

राणी शमी-बोरीचे बी पुन्हा मागायला संकोचत माळावर गेली. माळढोकाने पंखाखालून दोन मुठी काढून दिल्या. राजे लोकांचा त्याला जुना अनुभव होता.

आजही त्या राज्यात घरोघरी मूठभर बियाणे राखतात, आणि राजा कलश घेऊन वेशीवर उभा असतो. जो वाटसरू येईल, त्याला पाणी मिळते. झाडांना कोणी त्रास देत नाही.