राजेसाहेबांची जीप आणि हौसाचा नियम

"गाडीतला जुना एक खिळा बाहेर काढायचा नाही, नवा एक खिळा आत घालायचा नाही! आणि दसऱ्याला गाडी गडावर चढली पाहिजे!"

सोनखडीच्या राजेसाहेबांनी राजवाड्याच्या मागच्या अंगणात उभं राहून हुकूम सोडला. अंगणात त्यांच्या आजोबांची शिकारीची जीप उभी होती. उभी म्हणजे काय, टायरांतली हवा जाऊन मांडी घालून बसली होती! बॉनेटमध्ये कोंबडीनं अंडी घातली होती.

सोनखडीचं संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. पण ही बातमी राजेसाहेबांना समजावून सांगायची हिंमत कोणात नव्हती. त्यामुळे दरबार अजून भरत होता आणि माना अजून डोलत होत्या.

"वा सरकार!" दिवाण त्र्यंबकराव म्हणाले. "थोरल्या महाराजांची गाडी थोरल्या महाराजांसारखीच राहायला हवी!"

शास्त्रीबुवांनी गाडीची पत्रिका मांडली आणि कार्बोरेटरमध्ये शनी बसल्याचं जाहीर केलं. दरबारी कवीनं हँडलवर आर्या रचली. गाडी काही खोकलीसुद्धा नाही.

शेवटी राजेसाहेब म्हाताऱ्या केरबा ड्रायव्हरवर घसरले. "केरबा, गाडी चढली नाही तर वाड्यातली खोली खाली करायची!"

केरबाचा जन्म त्या खोलीत गेला होता. त्यानं हात जोडले. "सरकार, काही काढायचं न्हाई, काही घालायचं न्हाई, मग दुरुस्त करायचं तरी कसं?"

"मी करते!" मागून आवाज आला. केरबाची लेक हौसा पुढं आली. विहिरीवरचं इंजिन उघडून-जोडून तिचे हात कायम काळे. "पण सरकार, माझी एक अट हाय. गाडीला जो नियम, तोच वाड्याला. वाड्यातलं जुनं काही बाहेर जायचं न्हाई, नवं काही आत यायचं न्हाई."

"ही कसली अट?"

"घर एक, मालक एक. मग नियम दोन कसे? का सरकारांना सरकारांचाच नियम जड जाईल?"

"जड? आम्हाला? मान्य!" राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. दिवाणांनी मान डोलावली, सवयच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेबांना चहा मिळाला तो कालच्या चोथ्याचा. आंघोळीला पाणी मागितलं, तर न्हाणीघरात कालचंच तुंबलेलं. ते बाहेर सोडता येईना आणि विहिरीचं आत आणता येईना. दिवाण म्हणाले, "मुरलेलं पाणी आहे सरकार, राजाजोगं!" आणि स्वतः मात्र नदीवर पळाले.

मुदपाकखान्यात तर प्रलयच झाला. चुलीत राख गळ्यापर्यंत भरलेली. आचाऱ्यानं उरलीसुरली ओली ढलपी आत कोंबून फुंकर मारली, आणि ज्वाळेऐवजी असा धूर उठला की दरबारी कवी आर्या अर्धवट टाकून खिडकीतून बाहेर पडला!

राजेसाहेब डोळे पुसत, खोकत अंगणात आले. हौसा जीपच्या मडगार्डवर बसून शेंगा खात होती. गाडीला तिनं हातही लावला नव्हता.

"पोरी, ती राख काढू दे आधी!"

"जुनी राख बाहेर? नियम मोडंल, सरकार!"

"अगं, राख काढल्याशिवाय चूल पेटेल कशी?"

"आणि नवी लाकडं?"

"नव्या लाकडांशिवाय जळणार काय? माझं डोकं?"

हौसा टुणकन उठली. बॉनेट वर करून तिनं आतल्या कोंबडीला हळूच बाजूला केलं. "मग सरकार, हीपण चूलच हाय की! आत काजळी बसलीय, ऑइलचं डांबर झालंय, प्लग गंजलेत. हिनं तरी कसं पेटायचं?"

राजेसाहेब जरा घुटमळले. "पण... ती काजळी आमच्या आजोबांच्या वेळची आहे."

"आजोबांची गाडी, सरकार! काजळी पेट्रोलची!"

राजेसाहेबांनी वाड्याकडं बघितलं. खिडक्यांतून धूर निघतच होता. "काढ," ते म्हणाले, "दोन्हीकडची काढ!"

मग बापलेक कामाला लागले. इंजिनाचं हेड उतरवून काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासले, कार्बोरेटर रॉकेलनं धुतला. नवे प्लग, नवा क्लच, नवे टायर. म्हातारपणानं नीट दिसत नव्हतं म्हणून केरबा कानानं इंजिन ऐकायचा आणि बोट नाचवायचा: "जरा कमी... अजून... बास!" तो 'बास' म्हणाला तेव्हा जीप मांजरासारखी गुरगुरत होती आणि केरबाच्या डोळ्यांत पाणी होतं.

दसऱ्याला हौसानं चारी चाकांचा गिअर टाकला आणि राजेसाहेब, दिवाण, आपट्याची पानं असं सगळं घेऊन जीप दगडधोंड्यांतून थेट गडावर देवीच्या दारात नेली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

दिवाण त्र्यंबकरावांना मात्र आपल्याशिवाय झालेली गोष्ट सहन होईना. ते उतरले आणि ओरडले, "सरकार, ही फसवणूक आहे! प्लग नवे, क्लच नवा, टायर नवे! ही थोरल्या महाराजांची गाडीच नव्हे! हुकूम मोडला हिनं!"

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "काय गं? दिवाण खरं बोलतात?"

"अगदी खरं, सरकार!" हौसानं पदर खोचला आणि पाना हातात घेतला. "नवं तेवढं थोरल्या महाराजांचं न्हाई, तर ते मी हितंच उतरवून ठेवते. जुनं राहील ती खरी गाडी. ती दिवाणसाहेबांनी ढकलत खाली न्यावी!"

दिवाणांनी गडाची उतरण बघितली. मग स्वतःचं पोट बघितलं. मग घाईघाईनं म्हणाले, "सरकार... नीट बघितलं तर गाडी अगदी थोरल्या महाराजांचीच दिसते!"

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले, की फेटा सुटून गळ्यात आला! "केरबा, खोली कायमची तुझी! हौसा, गाडीची किल्ली तुझ्याकडं, आणि आजपासून सोनखडीची सरकारी ड्रायव्हर तू!"

"आणि मी, सरकार?" दिवाणांनी जीपच्या पायरीवर पाय ठेवत विचारलं.

"तुम्ही?" राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले. "तुम्ही जुने आहात, त्र्यंबकराव. चालत या!"