डब्याचा आवाज

फार पूर्वी नदीकाठच्या तळ्यात तांबुली नावाची रोहू राहायची. तळ्याचा मालक डबा वाजवून खाद्य टाकायचा. जे मासे सगळ्यांत आधी धावत येत, त्यांचीच वीण तो ठेवायचा; मागे रेंगाळणारे बाजारात जायचे. अशा कितीतरी पिढ्या गेल्या.

तांबुली मात्र रोज बांधातल्या जाळीला तोंड लावून नदीची खळखळ ऐकत बसायची. "आई गं, त्या पाण्याची चव कशी असेल?"

"ते माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं, बाळा."

एका भाद्रपदात बांध फुटला आणि तांबुली नदीत शिरली. गार धारेनं तिचं अंग शहारलं. नदीतली एक म्हातारी रोहू म्हणाली, "आलीस, बयो? चल, धारेच्या वर जाऊ."

तेवढ्यात लांबवर डबा वाजला. तांबुलीला परत जायचं नव्हतं. पण तिची शेपटी केव्हाच वळली होती.